ताप आणि हरवलेले भान: डासांमुळे होणारे मेंदूचे संसर्ग पहिल्या तासात कसे ओळखावेत

आपत्कालीन विभागात नुकत्याच रुजू झालेल्या एका डॉक्टरांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: डासांचा हंगाम सुरू झाला की विभागात तापाच्या रुग्णांची रीघ लागते. त्यांतून ज्यांच्या मेंदूपर्यंत संसर्ग पोहोचला आहे ते कसे वेगळे काढायचे, आणि नेमका विषाणू कोणता याचा अहवाल यायला काही दिवस लागत असतील, तर तोवर आपण काय करायचे?

या प्रश्नातला दुसरा भाग आधी घेतो, कारण त्याने पहिल्या भागाचे ओझे हलके होते. विषाणूचे नाव पहिल्या तासात कळत नाही आणि कळले तरी पहिल्या तासातील उपचार त्याने फारसे बदलत नाहीत. जपानी मेंदूज्वर असो की वेस्ट नाईल, त्यांवर आज सिद्ध झालेले विषाणूरोधक औषध उपलब्ध नाही. मात्र याच रूपात समोर येणारे, आणि वेळेवर औषध दिले तर रुग्ण वाचतो असे तीन आजार आहेत: मेंदूचा मलेरिया, जिवाणूंमुळे होणारा मेंदूच्या आवरणांचा दाह आणि हर्पिस विषाणूचा मेंदूदाह. म्हणून तापाच्या रुग्णाचा मेंदू बाधित झाला आहे हे वेळेत ओळखणे, या तिघांना हातचे जाऊ न देणे, आणि पुढच्या दोन दिवसांत पुसल्या जाऊ शकतील अशा खुणा आजच नोंदवून ठेवणे, एवढे काम आपले आहे. ते नीट झाले तर विषाणूचे नाव दोन दिवस उशिरा कळले तरी रुग्णाचे नुकसान होत नाही.

मेंदू बाधित झाला आहे हे ओळखायचे कसे? पुस्तकात ताप, डोकेदुखी, उलट्या, आकडी आणि बेशुद्धी अशी मालिका दिलेली असते. आकडी आलेला किंवा बेशुद्ध रुग्ण ओळखायला अनुभव लागत नाही. कठीण असतो तो त्याच्या आदल्या दिवशीचा रुग्ण, जो चालत येतो, स्वतःचे नाव सांगतो, पण ज्याच्या वागण्यात काहीतरी बदललेले असते. शुद्धीची पातळी मोजणाऱ्या ग्लासगो मापनावर त्याचे १५ पैकी १५ गुण भरतात. अशा रुग्णाची एकाग्रता तपासावी लागते. आठवड्याचे वार उलट्या क्रमाने म्हणायला सांगावेत, वीसमधून तीन वजा करत खाली यायला सांगावे, नुकत्याच सांगितलेल्या तीन वस्तूंची नावे पाच मिनिटांनी विचारावीत. ज्याला एरवी हे सहज जमले असते तो मध्येच थांबत असेल, त्याच त्या वारावर परत येत असेल किंवा प्रश्नच विसरत असेल, तर तो ‘तापाने थकलेला’ रुग्ण नाही.

मी सुरुवातीच्या वर्षांत याच ठिकाणी चुकलो आहे. ३९ अंश ताप असलेल्या एका मध्यमवयीन गृहस्थांना मी तपासले. त्यांनी नाव, वार, ठिकाण सगळे बरोबर सांगितले. त्यांच्या पत्नी शेजारी उभ्या राहून म्हणत होत्या, ‘हे विचाराल तेवढेच बोलताहेत, एरवी असे नसतात.’ मी ते वाक्य ऐकले आणि सोडून दिले. साध्या तापाचे निदान लिहून त्यांना सामान्य वॉर्डात पाठवले आणि सहा तासांनी त्यांना पहिली आकडी आली. तेव्हापासून नातेवाइकांचे असे वाक्य मी जसेच्या तसे केसपेपरवर उतरवतो आणि त्याला नाडी किंवा रक्तदाबाइतकेच वजन देतो. रुग्णाचा मूळ स्वभाव आपल्याला ठाऊक नसतो. तो ठाऊक असलेला माणूस बदल झाल्याचे सांगत असेल, तर आपली तपासणी निर्दोष असली तरी ती अपुरी मानावी.

लहान मुलांत भाषा वेगळी असते. आईकडे पाहूनही न ओळखणारे, कुशीत घेतल्यावर शांत होण्याऐवजी अधिकच किंचाळणारे, दूध ओढायचे थांबलेले किंवा सतत गुंगीत असलेले मूल हे मेंदूच्या संसर्गाचे मूल आहे असे मानूनच पुढे जावे. तापातील साधी आकडी सहा महिने ते पाच वर्षे या वयात येते, साधारणपणे काही मिनिटांत आणि जास्तीत जास्त पंधरा मिनिटांत थांबते, आणि त्यानंतर मूल लवकरच पूर्ववत होते. आकडी थांबून तास उलटला तरी मूल नीट जागे होत नसेल, चोवीस तासांत पुन्हा आकडी आली असेल किंवा ती शरीराच्या एकाच बाजूला आली असेल, तर ‘तापातील आकडी’ हा शब्द केसपेपरवर लिहू नये. एकदा तो लिहिला गेला की पुढचे चार डॉक्टर तोच वाचत जातात.

निदानाच्या अशा चुकीच्या वाटा आणखीही आहेत. डासांच्या विषाणूंमुळे होणारा मेंदूदाह सर्वांत जास्त वेळा पक्षाघात, मानसिक आजार, दारूचा अंमल किंवा मूत्रमार्गाच्या संसर्गातील भ्रम या नावांखाली लपतो. पक्षाघात क्षणात येतो, तर मेंदूदाहात तापाचे दोन-तीन दिवस आधी गेलेले असतात. अचानक भ्रम झालेल्या, कधीही मानसिक आजार नसलेल्या तरुण रुग्णाला मनोविकार विभागात पाठवण्यापूर्वी तापमान प्रत्यक्ष मोजावे आणि वाटेत तापाची गोळी दिली होती का हे विचारावे. गोळी घेतलेल्या रुग्णाचे तापमान सामान्य असणे हा तापाविरुद्धचा पुरावा ठरत नाही. वृद्धांना तर मोठ्या संसर्गातही ताप येत नाही, असे अनेकदा पाहिले आहे.

आता डासांकडे येऊ. ‘डास चावला होता का?’ हा प्रश्न मी विचारत नाही, कारण त्याचे उत्तर काहीही आले तरी निदान तिथेच राहते. विचारण्यासारखे प्रश्न वेगळे आहेत: गेल्या तीन आठवड्यांत रुग्ण कुठे राहिला, कुठे प्रवास केला, भातशेती, डुकरांचे कळप किंवा पाणथळ जागा जवळ होत्या का, परिसरात पक्षी किंवा घोडे मरत आहेत का, त्याच वस्तीत आणखी कोणाला असाच ताप आहे का, जपानी मेंदूज्वराची किंवा पीतज्वराची लस झाली आहे का, आणि अलीकडे रक्त चढवले किंवा अवयव प्रत्यारोपण झाले आहे का. शेवटचा प्रश्न अनेकांना अनावश्यक वाटतो, पण वेस्ट नाईल विषाणू रक्तातून आणि प्रत्यारोपित अवयवांतून पसरू शकतो हे २००२ साली स्पष्ट झाले आहे. आजाराचा पहिला दिवस कोणता हेही तारखेनिशी लिहावे, कारण पुढे प्रतिपिंडांच्या चाचणीचा अर्थ त्या तारखेवरच लावला जातो.

जपानी मेंदूज्वर हा आशिया आणि पश्चिम प्रशांत भागातला या गटातील सर्वांत महत्त्वाचा आजार आहे. क्युलेक्स जातीचे डास, त्यातही भाताच्या खाचरांत वाढणारा क्युलेक्स ट्रायटिनिओऱ्हिंकस, हा विषाणू बगळ्यांसारख्या पाणपक्ष्यांकडून आणि डुकरांकडून माणसापर्यंत आणतो. संसर्ग झालेल्या सुमारे २५० जणांत एकालाच गंभीर आजार होतो, परंतु ज्याला होतो त्याच्यासाठी तो भयंकर असतो. मेंदूदाह झालेल्यांपैकी ३० टक्क्यांपर्यंत रुग्ण दगावतात आणि वाचलेल्यांपैकी ३० ते ५० टक्क्यांना कायमचे मज्जासंस्थेचे किंवा मानसिक दोष राहतात. हा विषाणू मेंदूच्या खोलवरच्या भागांना, विशेषतः थॅलॅमस, बेसल गँग्लिया आणि मध्यमेंदूला गाठतो. म्हणून रुग्णाच्या चेहऱ्यावरचे भाव गोठल्यासारखे दिसतात, हातांना कंप सुटतो, अंग ताठरते, ओठ चावल्यासारख्या किंवा तोंड वेंगाडल्यासारख्या हालचाली होतात, डोळे वर ओढले जातात. तापाच्या तिसऱ्या-चौथ्या दिवशी भान हरपत चाललेल्या रुग्णात कंपवातासारखी ही लक्षणे दिसली, तर साध्या तापातील भ्रमाचा विचार मागे ठेवावा. एमआरआयमध्ये दोन्ही थॅलॅमसमध्ये बदल दिसणे या निदानाला बळ देते, मात्र सुरुवातीचा साधा सीटी स्कॅन निर्दोष असू शकतो. त्या निर्दोष स्कॅनने कोणी निर्धास्त होऊ नये.

वेस्ट नाईल विषाणू १९३७ साली युगांडात प्रथम सापडला. संसर्ग झालेल्या दहापैकी आठ जणांना काहीच त्रास होत नाही, आणि मेंदू किंवा मज्जारज्जू बाधित होण्याचे प्रमाण सुमारे दीडशेत एक आहे. साठीच्या पुढचे रुग्ण आणि प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधे घेणारे रुग्ण यांना सर्वाधिक धोका असतो. याची मला सर्वांत मोलाची वाटणारी खूण म्हणजे तापासोबत आलेला, एका हाताचा किंवा एका पायाचा लुळेपणा, ज्यात संवेदना शाबूत असते आणि प्रतिक्षिप्त क्रिया नाहीशा होतात. मज्जारज्जूतील पुढच्या भागाच्या चेतापेशी मरत असल्यामुळे हे घडते, पोलिओसारखेच. गिया-बारे या चेतातंतूंच्या आजारात दुर्बलता बहुधा दोन्ही बाजूंना सारखी येते, मुंग्या येतात आणि पाठीतून सुईने काढलेल्या, मेंदू व मज्जारज्जूभोवतीच्या पाण्यात पेशी जवळपास नसतात. इथे दुर्बलता विषम असते आणि पाण्यात पेशी वाढलेल्या सापडतात. पक्षाघातातही पहिले काही तास प्रतिक्षिप्त क्रिया मंदावलेल्या असू शकतात, त्यामुळे एकट्या या खुणेवर विसंबू नये. तरीही ताप असलेल्या प्रत्येक गोंधळलेल्या रुग्णाचे चारही हातपाय स्वतः उचलून, गुडघ्यावर आणि कोपरावर हातोडी मारून पाहण्याचा आग्रह मी याचसाठी धरतो. गुंगीतला रुग्ण हात हलत नसल्याची तक्रार स्वतःहून करत नाही.

न्यूयॉर्कमधील १९९९ सालची घटना प्रत्येक आपत्कालीन डॉक्टरने जाणून घ्यावी अशी आहे. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये क्वीन्स भागातील एका रुग्णालयात संसर्गरोगतज्ज्ञ डेबोरा ॲस्निस यांच्याकडे मेंदूदाहाचे मोजकेच वृद्ध रुग्ण आले होते, परंतु त्या रुग्णांमध्ये स्नायूंची असाधारण दुर्बलता आहे हे त्यांनी हेरले आणि शहराच्या आरोग्य विभागाला फोन केला. त्याच सुमारास शहरात कावळे मरत होते. पहिल्या प्रतिपिंड चाचण्यांवरून तो सेंट लुईस मेंदूदाह असावा असे जाहीर झाले, आणि नंतर तो वेस्ट नाईल विषाणू असल्याचे, म्हणजे पश्चिम गोलार्धात तो प्रथमच आल्याचे निष्पन्न झाले. एका दक्ष डॉक्टरने खाटेजवळ टिपलेली दुर्बलता खरी ठरली आणि प्रयोगशाळेचे पहिले नाव चुकले, हे त्यातले लक्षात ठेवण्याजोगे.

इतर विषाणूंबद्दल थोडक्यात. पूर्वेकडील घोड्यांचा मेंदूदाह हा अमेरिका खंडातला दुर्मिळ आजार असून त्यात सुमारे एक तृतीयांश रुग्ण दगावतात. ला क्रॉस विषाणू मुलांना गाठतो, आकड्या घडवतो आणि हर्पिसच्या मेंदूदाहासारखा दिसतो. सेंट लुईस मेंदूदाह वृद्धांत अधिक तीव्र असतो आणि त्यात रक्तातील सोडियम उतरते. चिकुनगुन्यात मेंदूदाह झाल्यास तो प्रामुख्याने तान्ह्या बाळांत आणि वृद्धांत आढळतो, आणि सांध्यांचे दुखणे हा त्याचा धागा असतो. डेंग्यूत मात्र थोडे थांबून विचार करावा लागतो, कारण डेंग्यूच्या रुग्णाचे भान जाण्याचे कारण दर वेळी विषाणू मेंदूत शिरणे हे नसते. रक्तदाब कोसळणे, यकृत निकामी होणे, सोडियम उतरणे किंवा मेंदूत रक्तस्राव होणे यांपैकी प्रत्येक कारण आधी तपासावे लागते, आणि प्लेटलेट फार उतरलेल्या असतील तर पाठीत सुई घालणे पुढे ढकलावे लागते. चांदीपुरा विषाणूचा उल्लेखही करायला हवा. १९६५ साली नागपूर जिल्ह्यातील गावात सापडलेला हा विषाणू मुख्यतः वालुमाशी पसरवते, डास नव्हे. मुलांना तो ताप आल्यापासून एक-दोन दिवसांत मृत्यूपर्यंत नेऊ शकतो, त्यामुळे अशा मुलाच्या बाबतीत कीटक कोणता यावर वेळ घालवू नये.

मेंदूच्या मलेरियाला मी स्वतंत्र जागा देतो, कारण डासांमुळे होणाऱ्या मेंदूच्या सर्व आजारांत तो एकटाच असा आहे ज्यावर आपल्या हातात खात्रीचे औषध आहे. मलेरिया असलेल्या भागात राहणारा किंवा तिथून आलेला आणि भान हरपलेला प्रत्येक तापाचा रुग्ण हा तपासणीने खोटे ठरेपर्यंत मेंदूच्या मलेरियाचा रुग्ण समजावा. मान बहुधा ताठ नसते, म्हणून ‘मान सैल आहे’ या नोंदीने कोणी मेंदूचा विचार सोडू नये. बोटातून घेतलेल्या रक्तावरची झटपट चाचणी काही मिनिटांत उत्तर देते, पण ती किंवा एक रक्तनमुना नकारात्मक आला म्हणून मलेरिया नाही असे ठरत नाही. बारा ते चोवीस तासांच्या अंतराने किमान तीन नमुने पाहावे लागतात. नेत्रपटलावरचे पांढुरके डाग, फिकट पडलेल्या रक्तवाहिन्या आणि मध्यभागी पांढरे असलेले रक्तस्राव हे, विशेषतः मुलांत, फार भरवशाचे चिन्ह आहे. नेत्रपटल पाहण्याचे उपकरण, म्हणजे ऑफ्थॅल्मोस्कोप, प्रत्येक आपत्कालीन विभागात हाताशी असावा असे मला मनापासून वाटते. औषध म्हणजे शिरेतून आर्टेसुनेट: वजनाच्या दर किलोला २.४ मिलिग्रॅम, वीस किलोहून कमी वजनाच्या मुलांना ३ मिलिग्रॅम. पहिला डोस लगेच, मग बाराव्या आणि चोविसाव्या तासाला, त्यानंतर रोज एकदा. रुग्ण गोळ्या घेऊ लागला की, किमान चोवीस तास इंजेक्शन झाल्यावर, तोंडाने घेण्याचा पूर्ण संयुक्त उपचार द्यावा.

पहिल्या तासातला क्रम आता सांगता येईल. श्वासमार्ग आणि श्वास सुरक्षित आहे हे पाहतानाच बोट टोचून रक्तातील साखर पाहावी. मलेरियात, लहान मुलांत आणि गर्भवतींत ती धोकादायक पातळीपर्यंत उतरते, आणि ती भरून दिल्यावर ‘मेंदूदाह’ झालेला रुग्ण डोळे उघडतो हे मी अनेकदा पाहिले आहे. त्याच वेळी रक्ताचे नमुने घ्यावेत, त्यांतला एक सीरम (रक्तातील पेशी वेगळ्या केल्यावर उरणारा द्रव) राखून ठेवावा. मग प्रतिजैविके. प्रौढांना सेफ्ट्रिॲक्सोन २ ग्रॅम, त्याच्या जोडीला आपल्या भागातील प्रतिरोधानुसार व्हॅन्कोमायसिन, आणि हर्पिसवरचे विषाणूरोधक ॲसायक्लोव्हिर दर किलोला १० मिलिग्रॅम आठ-आठ तासांनी, मूत्रपिंडांकडे लक्ष ठेवून आणि पुरेसे सलाईन देऊन. हर्पिसच्या मेंदूदाहात उपचाराविना सत्तर टक्क्यांहून अधिक रुग्ण दगावतात, म्हणून डासांचा हंगाम कितीही जोरात असला तरी ॲसायक्लोव्हिर वगळू नये. अंगावर सिगारेटच्या चटक्यासारखा काळपट खपलीचा डाग दिसला किंवा त्या भागात स्क्रब टायफस आढळत असेल, तर डॉक्सिसायक्लिनही द्यावे. काखा, जांघा आणि कानांमागे न पाहिल्यास हा डाग हमखास सुटतो.

डेक्सामेथासोन या दाह कमी करणाऱ्या स्टेरॉइडबाबत एक अडचण उभी राहते. जिवाणूंच्या आवरणदाहात ते पहिल्या प्रतिजैविकाच्या आधी किंवा सोबत द्यावे अशी शिफारस आहे, तर मेंदूच्या मलेरियात त्याने बेशुद्धी लांबते आणि जपानी मेंदूज्वरात त्याचा फायदा दिसलेला नाही. माझी पद्धत अशी: मलेरियाची शक्यता असेल तर झटपट चाचणीचे उत्तर त्या काही मिनिटांत आधी पाहतो आणि मगच डेक्सामेथासोनचा निर्णय घेतो, प्रतिजैविक मात्र त्यासाठी रोखून धरत नाही. मेंदूची सूज उतरवण्यासाठी दिले जाणारे मॅनिटॉलही मेंदूच्या मलेरियात नेमाने देऊ नये.

पाठीतील पाणी काढण्यापूर्वी सीटी स्कॅन प्रत्येकाला लागत नाही. शरीराच्या एका बाजूचा दोष, नव्याने आलेली आकडी, डोळ्याच्या पडद्यावरील सूज, खालावलेली शुद्ध किंवा दुर्बल प्रतिकारशक्ती असेल तर तो आधी करावा, पण औषधे सुरू करून मगच रुग्णाला स्कॅनकडे न्यावे. विषाणूजन्य दाहात पाण्यात काही दहा ते काहीशे पेशी, बहुतांश लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशी, थोडे वाढलेले प्रथिन आणि सामान्य साखर आढळते. मात्र पहिल्या एक-दोन दिवसांत न्यूट्रोफिल (जिवाणूंच्या दाहात वाढणाऱ्या पांढऱ्या पेशी) अधिक असू शकतात, किंवा पेशी अजिबात नसू शकतात. साखरेचा अर्थ त्याच वेळच्या रक्तातील साखरेशी तुलना केल्याशिवाय लागत नाही. रक्ताचा नमुना सोबत न पाठवणे ही फार सामान्य चूक आहे. हर्पिसची पीसीआर, म्हणजे विषाणूचा जनुकीय अंश शोधणारी चाचणी, पहिल्या तीन दिवसांत खोटी नकारात्मक येऊ शकते, तेव्हा संशय असल्यास काही दिवसांनी पाणी पुन्हा तपासावे आणि तोवर ॲसायक्लोव्हिर चालू ठेवावे.

डासांच्या विषाणूंसाठी पाण्यातील आयजीएम (संसर्गानंतर सर्वांत आधी तयार होणाऱ्या) प्रतिपिंडांची चाचणी पीसीआरपेक्षा अधिक उपयोगी ठरते, कारण भान हरपेपर्यंत रक्तातला विषाणू बहुधा निघून गेलेला असतो. पहिल्या चार-पाच दिवसांत ही चाचणी नकारात्मक आली तर ती पुन्हा करावी लागते. रिटुक्सिमॅबसारखे, प्रतिकारशक्ती कमी करणारे औषध घेणाऱ्या रुग्णात प्रतिपिंडे तयारच होत नाहीत. तिथे पीसीआरलाच महत्त्व येते. डेंग्यू, जपानी मेंदूज्वर, वेस्ट नाईल आणि पीतज्वराची लस यांची प्रतिपिंडे एकमेकांशी जुळतात, न्यूयॉर्कमध्ये नेमके हेच झाले होते. वेस्ट नाईलचे आयजीएम कित्येक महिने टिकते, त्यामुळे केवळ सीरममधील सकारात्मक अहवाल जुन्या संसर्गाचाही असू शकतो. म्हणून पहिल्या दिवशी राखून ठेवलेला सीरम आणि दोन-तीन आठवड्यांनंतरचा दुसरा नमुना अशी जोडी निदान पक्के करायला लागते.

आकडी थांबली तरी रुग्ण जागा का होत नाही, हा प्रश्न दर तासाला स्वतःला विचारावा. एका बोटाचे, पापणीचे किंवा ओठाच्या कोपऱ्याचे बारीक फडफडणे, डोळ्यांचे एकाच बाजूला वळून राहणे, तोंडातून लाळ गळणे, श्वासाची लय बिघडणे ही चालू असलेल्या आकडीची एकमेव खूण असू शकते. जपानी मेंदूज्वराच्या मुलांत हे विशेषकरून दिसते. ईईजी (मेंदूच्या विद्युत लहरींचा आलेख) मिळाला तर उत्तम, न मिळाल्यास संशयावर औषध द्यावे. उशाकडची बाजू तीस अंश उचलावी, मान सरळ ठेवावी, सोडियम तपासावे आणि सोडियम कमी असलेले सलाईन टाळावे.

रुग्णाला अतिदक्षता विभागात किंवा मोठ्या रुग्णालयात पाठवताना मी चिठ्ठीवर स्वतःच्या हाताने काही गोष्टी लिहितो: आजाराचा पहिला दिवस, ग्लासगो मापनाचे तिन्ही घटक वेगवेगळे, चारही हातपायांची शक्ती आणि प्रतिक्षिप्त क्रिया, कंप किंवा ताठरपणा होता का, मलेरियाचे नमुने किती वाजता घेतले, प्रत्येक औषधाचा पहिला डोस कधी दिला, सीरम कुठे ठेवला आहे, आणि नातेवाइकांचे ते वाक्य. त्याच दिवशी आरोग्य यंत्रणेलाही संशयित मेंदूदाहाचा रुग्ण म्हणून कळवतो. त्यासाठी विषाणूचे नाव कळेपर्यंत थांबत नाही, कारण त्याच वस्तीतला पुढचा रुग्ण तोवर ताप घेऊन घरी झोपलेला असू शकतो.